घरांतला शरद

शाळेंत असतांना आम्हीं पस्तीस वर्षें शरदृतूचें वर्णन शिकविलें. रघुवंशाचा चौथा सर्ग आणि ऋतुसंहाराचा तिसरा सर्ग आम्हांस जवळजवळ मुखोद्गत होते. पावसाळ्यांत गढूळ झालेलें पाणी अगस्तीच्या उदयाबरोबर कसें निवळतें, नद्यांस उतार कसे मिळतात, वाटांवरचा चिखल कसा वाळतो, आणि म्हणून रघुराजा दिग्विजयास कसा निघतो, हें सांगतांना आमचा आवाज आपोआप चढत असे. आपल्या स्वतःच्या घरांत शरद कसा येतो, हें मात्र आम्हांस साठी उलटल्यावर कळलें. आणि तेंहि एका दुधाच्या पातेल्यामुळें. ती हकीकत सांगण्यासाठींच हा लेख.

आमचें घर मनोरीस आहे. मुंबईच्या वायव्येस खाडीपलीकडे धारावी बेट आहे (झोपड्यांची प्रसिद्ध धारावी ती निराळी, पाहुण्यांस हें दर खेपेस सांगावें लागतें), त्यावर मनोरी, गोराई, उत्तन हीं गांवें समुद्राकडे तोंड करून बसलीं आहेत. मालाडहून बसनें मार्व्यास यावयाचें आणि तेथून बोटीनें खाडी ओलांडावयाची, हा आमचा राजमार्ग. भाईंदरहून उत्तनवरून रस्ता आहे, पण वळसा फार. गांवांत मुख्य वस्ती कोळ्यांची व ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची. ब्राह्मणांचें घर शोधूनच काढावें लागेल. रविवारीं मुंबईकर येथील शांततेसाठीं येतात. शेजारीं गोराईस १९८९ पासून २०२२ पर्यंत एस्सेलवर्ल्ड नांवाची करमणुकीची नगरी होती, तेव्हां तर खाडींतून बोटी भरभरून जात. लोक सुख शोधावयास इतके दूर येत आणि आमच्या घरच्या माणसांस दहा मिनिटांवरचा समुद्र पाहावयास पंधरवड्यांतून एकदांहि सवड होत नसे.

सवड होणार तरी कशी? आमचें कुटुंब एकत्र. दोघे मुलगे व थोरली सून नोकरीसाठीं सकाळींच खाडीपार होतात, धाकटी सून घरून शिकवण्या घेते, नातवंडें शाळेंत. आश्विन लागला कीं घटस्थापना, त्याच सुमारास मुलांची सहामाही परीक्षा, ललितापंचमीचें कुंकू, दसऱ्याचें सरस्वतीपूजन, लगेच कोजागरी, आणि ती संपते न संपते तों दिवाळीची झाडलोट. वर्षांतल्या सर्वांत निर्मळ आकाशाखालीं घरांतलीं माणसें वर्षांतलीं सर्वांत त्रासलेलीं असतात, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

गेल्या वर्षीं कोजागरीस आम्हीं अंगणांत सतरंजी घातली. चांदणें असें कीं मोठ्या टाइपाचें पुस्तक वाचतां यावें. नातवंडांस जवळ बसवून 'को जागर्ति', म्हणजे कोण जागें आहे, असें विचारीत लक्ष्मी मध्यरात्रीं फिरते, म्हणून ही कोजागरी, वगैरे सर्व सांगितलें. थोरला मुलगा उशिराच्या बोटीनें आला तो जेवून आडवाच झाला. थोरल्या सुनेस सकाळीं लवकर निघावयाचें होतें. धाकटी मुलाकडून गणितें करवून घेत होती. नातवंडें आमचें व्याख्यान ऐकतां ऐकतां सतरंजीवरच झोपलीं. रात्रीं बाराच्या पुढें सौभाग्यवती दुधाचा पेला घेऊन आल्या, तेव्हां जागे आम्ही एकटेच होतों. आम्हीं उदार मनानें म्हटलें, "चांदणें पाहिलेंस का? काय पडलें आहे!"

त्या म्हणाल्या, "अहो, मला कोजागरीचा चंद्र पातेल्यांतच दिसायचा. दूध उतूं जाईल म्हणून खालींच पाहावें लागतें. चाळीस वर्षें झालीं."

त्यांत रागाचा सूर नव्हता. असता तर आम्हीं उत्तर दिलें असतें. त्या आंत जाऊन पातेलें घासूं लागल्या आणि तो काथ्याचा आवाज आम्ही बराच वेळ ऐकत बसलों.

येथें एक शास्त्राची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आपले सणवार हे नुसते कामाचे डोंगर आहेत असा कोणाचा समज व्हावयास नको. आश्विन-कार्तिक हा शरद. मुंबईंतून पाऊस माघार घेण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्यानें २०२० सालीं पुढें नेऊन ८ ऑक्टोबर केली. पूर्वीं ती सप्टेंबरच्या अखेरीस धरीत. ढग जातात, वारा पडतो, जमीन अजून ओली असते, आणि स्वच्छ आकाशांतून ऊन थेट अंगावर येतें. म्हणून ऑक्टोबरचा हा उकाडा. आयुर्वेद म्हणतो कीं पावसाळ्यांत सांठलेलें पित्त या उन्हानें खवळतें, म्हणून या दिवसांत दूध, तूप, कडू व मधुर पदार्थ हितकर. दिवसां सूर्यानें तापलेलें, रात्रीं चंद्रानें निवविलेलें व अगस्तीच्या उदयानें निर्विष झालेलें असें जें या ऋतूंतलें पाणी, त्याला त्या ग्रंथकारांनीं हंसोदक असें सुंदर नांव दिलें आहे. चांदण्यांत बसून गार दूध पिणें हें या दृष्टीनें ऋतुचर्येंतलेंच एक कलम. पण तें पिणाऱ्यानें अंगणांत बसावें आणि करणाऱ्यानें चुलीपाशीं उकडावें, असें कोणत्याहि संहितेंत आम्हांस आढळलें नाहीं.

यंदां भाद्रपदांतच आम्हीं शिक्षकी बाण्यानें एक मोठा कागद घेऊन आश्विन व कार्तिकाचें वेळापत्रक आंखलें. काम, तिथि, जबाबदार व्यक्ति असे तीन रकाने. कागद भिंतीवर लावला आणि शाबासकीची वाट पाहात बसलों. थोरल्या सुनेनें तो उभ्यानेंच वाचला, मुलाच्या दप्तरांतली तांबडी पेन्सिल काढली आणि कांहीं खुणा केल्या. मग म्हणाली, "बाबा, यांत आईंचें नांव एकोणीस वेळां आहे. आम्हां दोघींचें मिळून चौदा वेळां. तुमचें दोनदां, आणि त्यांतलें एक 'देखरेख' आहे."

आम्हीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वह्यांवर तांबड्या खुणा केल्या. आपल्या कागदावर त्या कशा दिसतात हें त्या दिवशीं पाहिलें.

मग रात्रीं सर्वांची बैठक झाली. चकल्या, शेव, चिरोटे मालाडच्या एका महिला-गटाकडून आणावे असें ठरूं लागलें, तेव्हां आम्हीं विरोध केला. विकतचा फराळ देवापुढें कसा ठेवावयाचा, ही आमची हरकत. ती कोणी खोडून काढली नाहीं. धाकट्या सुनेनें एवढेंच विचारलें कीं, मग चकल्या तुम्ही पाडणार का? आम्ही गप्प बसलों. अनारसे मात्र सोडावयास सौभाग्यवतींनीं साफ नकार दिला. आम्हांस वाटत होतें कीं सर्वांत खटपटीचा तोच पदार्थ आधीं निघेल. त्या म्हणाल्या, "अनारसे थापतांना तिघी एका जागीं बसतों. वर्षांत तेवढेंच बसणें होतें." कामाचा बोजा कोणता आणि कामांतलें सुख कोणतें, हें बाहेरून पाहणारास इतकें उलटें दिसतें!

भोंडल्याचें वर्णन येथें विस्तारानें करीत नाहीं. पाटावर हत्ती काढला, वाडीतल्या मुली आल्या, खिरापत कोणासहि ओळखतां आली नाहीं, आणि ती ओली भेळ होती हें कळल्यावर आम्हीं नाक मुरडलें. मुलींनीं मात्र पातेलें पुसून खाल्लें.

पण आगेऱ्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या ईस्ट इंडियन शेजाऱ्यांचा हा नवान्नाचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं असतो. शेतांतल्या नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्यें नेतात, तेथें आशीर्वाद होतो, मग त्या घरोघर जातात. हे लोक मूळचे येथलेच, बोली मराठी. ईस्ट इंडियन हें नांव त्यांनीं १८८७ च्या सुमारास घेतलें. आमच्या कोंकणांत आपणहि भाताची लोंबी, आंब्याचें पान, नाचणी, वरी व कुर्डूचें फूल एकत्र बांधून दारावर 'नवें' लावतों. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दरवर्षीं आम्हांस लोंब्या देतात. यंदां त्या आल्या तेव्हां सौभाग्यवती ओट्यावर मोकळ्या बसलेल्या होत्या, ही नवलाची गोष्ट. दोघी तासभर बोलल्या. भाताला यंदां दाणा कसा धरला, येथपासून गुडघ्यांच्या तेलापर्यंत. तीस वर्षांच्या शेजारांत त्यांस एकमेकींचीं माहेरें त्या दिवशीं कळलीं. नवें बांधण्याचें काम वेळापत्रकांत आमच्याकडे आलें होतें. गांठ सैल बसली म्हणून तें दोनदां पडलें.

कोजागरीस दूध आटविण्याचें काम दोघां मुलांनीं व आम्हीं पत्करलें. तिन्ही बायकांस सतरंजीवर बसविलें आणि आंत यावयाची बंदी केली. चार लिटर दूध आटावयास किती वेळ लागतो याची आम्हांस कल्पना नव्हती. ढवळावयाचें तें बुडापासून, हेंहि ठाऊक नव्हतें. केशर, वेलदोडे, चारोळी कोणत्या डब्यांत, हें विचारावयास आम्ही तीन वेळां अंगणांत गेलों, आणि तिसऱ्या वेळेस तेथून असा हंशा उठला कीं झोपलेलें कुत्रें उठून बसलें. घामानें अंग भिजलें. दूध वर येऊं लागलें कीं खरोखरच मान वर करतां येत नाहीं. पावणेबाराला पेले बाहेर आले. दूध खालीं लागलें होतें. वास लपत नव्हता. सौभाग्यवतींनीं एक घोट घेतला, आमच्याकडे पाहिलें आणि पेला संपविला. थोरल्या मुलास ओवाळण्याचें राहून गेलें होतें, तें मग आठवलें. तो चाळिशीचा गृहस्थ पाटावर बसला तेव्हां नातवंडांस फार गंमत वाटली.

अनारशांच्या बाबतींत मात्र आमच्या हातून अपराध घडला. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे व रोज पाणी बदलावयाचें. चौथ्या दिवशीं निथळून, सावलींत कपड्यावर पसरून, ओलसर असतांनाच कुटावयाचे व गुळांत मळून पीठ ठेवावयाचें. यांतलें पाणी बदलण्याचें काम आमचें. दुसऱ्या दिवशीं आम्ही वाचनांत गढलों आणि विसरलों. तिसऱ्या दिवशीं भांड्यावरचें झांकण काढतांच आंबूस वास आला. आम्हीं कोणास न सांगतां तीन वेळां तांदूळ धुतले. पण अनारसा सत्यवादी. तुपांत सोडलेले पहिले चार भराभर फुटून पसरले. अनारसा असा विरघळला म्हणजे तो 'हसला' असें आपल्या बायका म्हणतात. धाकट्या सुनेनें झारा धरूनच विचारलें, "बाबा, पाणी रोज बदललें होतेंत ना?" आम्हीं कबुली दिली. पीठांत थोडें कोरडें पीठ मिसळून त्यांनीं बाकीचे सांवरून घेतले. खसखस थापतांना तिघी काय बोलत होत्या हें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. विषय बहुधा आम्हीच असूं.

नरकचतुर्दशीस पहाटे साडेचारला जाग आली. प्राजक्ताखालीं फुलांचा सडा पडला होता; खालीं पडलेलें फूल देवास चालतें तें हें एकच. दरवर्षीं या वेळीं सौभाग्यवती बंबापाशीं असावयाच्या. यंदां बंब थोरल्या मुलाकडे होता, म्हणून त्या पदर खांद्यावरून घेऊन अंगणांत उभ्या होत्या. आम्हीं दक्षिणेस आक्शाच्या बाजूला बोट दाखविलें. आपल्या मुंबईच्या आकाशांत तो तारा क्षितिजापासून अठरा अंशांहून वर कधींच चढत नाहीं. व्याधाखालोखाल तेजस्वी असूनहि झाडाआड, घराआड राहून जातो.

"तो काय आहे?" त्यांनीं विचारलें.

"अगस्ति."

त्यांनीं बराच वेळ पाहिलें. मग म्हणाल्या, "तुम्ही मुलांना शिकवीत होतां तोच?"

आम्ही होय म्हणालों.

"बराच खालीं आहे हो," असें म्हणून त्या आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या. तेवढ्यांत आंतून मुलानें पाणी तापल्याची हांक दिली, आणि कारीट कोठें ठेवलें आहे हें विचारलें.