विनिमय विद्यार्थ्यांसाठी व्यावहारिक मार्गदर्शन : जर्मनीतील मानहाइम विद्यापीठाच्या व्यवसाय प्रशासन विद्याशाखेच्या संदर्भात

सारांश :
परदेशी विद्यापीठात एका सत्रासाठी जाणारा विनिमय विद्यार्थी एकाच वेळी दोन संस्थांच्या नियमांना बांधील असतो. या दोन नियमव्यवस्थांचा मेळ प्रस्थानापूर्वी घातला नाही, तर चांगले गुण मिळवूनही त्याचे सत्र वाया जाण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात मानहाइम विद्यापीठाच्या व्यवसाय प्रशासन विद्याशाखेचे उदाहरण घेऊन श्रेयांक, मूल्यमापन, शासकीय नोंदणी आणि दैनंदिन जीवन या चार अंगांनी मार्गदर्शन केले आहे.

बीजसंज्ञा : विनिमय विद्यार्थी, श्रेयांक, अध्ययन करार, मूल्यमापन, निवासनोंदणी.

१. प्रस्तावना
युरोपात १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीला संघटित स्वरूप प्राप्त झाले. पुढे १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्याने युरोपीय देशांतील पदव्यांची रचना परस्परांच्या जवळ आणण्याचा मार्ग मोकळा केला. आज भारतीय व युरोपीय संस्थांमध्येही द्विपक्षीय करार होतात आणि वाणिज्य व व्यवस्थापन शाखांचे विद्यार्थी त्यांचा लाभ घेतात.

विनिमय विद्यार्थी म्हणजे ज्याची मूळ नोंदणी व पदवी मातृसंस्थेतच राहते, परंतु जो एक वा दोन सत्रे यजमान विद्यापीठात शिकून तेथील श्रेयांक घेऊन परततो, असा विद्यार्थी होय. पदवीसाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा त्याची स्थिती वेगळी असते. चूक सुधारण्यासाठी पदवीच्या विद्यार्थ्याजवळ दोन-तीन वर्षे असतात. विनिमय विद्यार्थ्याजवळ जेमतेम चार-पाच महिने असतात. म्हणून त्याची तयारी अधिक काटेकोर असणे आवश्यक ठरते.

२. मानहाइमची निवड का?
मानहाइम हे ऱ्हाइन व नेकार या नद्यांच्या संगमावरील शहर बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात आहे. १९०७ साली येथे स्थापन झालेल्या वाणिज्य महाविद्यालयाच्या परंपरेतून १९६७ मध्ये विद्यापीठ आकारास आले. विद्यापीठाचा मुख्य भाग अठराव्या शतकातील राजवाड्यात आहे आणि व्यवसाय प्रशासन हा त्याच्या लौकिकाचा प्रमुख विषय आहे.

भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने येथील शैक्षणिक दिनदर्शिका विशेष महत्त्वाची आहे. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे पुढील सत्र मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीतच सुरू होते. परिणामी एका सत्रासाठी गेलेल्या विद्यार्थ्याचे परतल्यावरचे पुढील सत्र अर्धे संपलेले असते. मानहाइमने २००६ च्या शरद ऋतूपासून आपली दिनदर्शिका बदलली. तेथे शरद सत्राचे अध्यापन सप्टेंबरच्या आरंभी सुरू होते आणि सत्रान्त परीक्षा डिसेंबरमध्ये होतात. वसंत सत्र फेब्रुवारीत सुरू होते. त्यामुळे ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते. अन्य विद्यापीठाची निवड करणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही संस्थांच्या दिनदर्शिका शेजारी ठेवून मगच अर्ज करावा.

३. श्रेयांकांचा हिशेब : सर्वांत महत्त्वाची बाब
युरोपीय श्रेयांक पद्धतीत एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासास ६० व एका सत्रास ३० श्रेयांक दिले जातात. जर्मनीत एक श्रेयांक म्हणजे सर्वसाधारणपणे ३० तासांचा अभ्यास मानला जातो. या तासांत व्याख्याने, सराववर्ग, स्वाध्याय व परीक्षेची तयारी हे सर्व अंतर्भूत असते. म्हणजे ६ श्रेयांकांचा एक अभ्यासघटक घेतल्यास सुमारे १८० तासांचे काम अपेक्षित असते. आठवड्यात दोन-चार तासच वर्ग असतात म्हणून अभ्यास हलका आहे, असा समज करून घेणे घातक ठरते.

भारतात २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका वर्षास ४० श्रेयांक व १,२०० अध्ययन तास गृहीत धरले आहेत. म्हणजे येथेही एका श्रेयांकास ३० तासच येतात. येथेच एक पेच निर्माण होतो. तासांच्या हिशेबाने पाहिल्यास दोन्हीकडील श्रेयांक एकास एक ठरतात. वर्षाच्या हिशेबाने पाहिल्यास तिकडचे ६० आणि इकडचे ४०, म्हणजे तीनास दोन असे प्रमाण येते. १८ युरोपीय श्रेयांक मिळविलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या रीतीने १८, तर दुसऱ्या रीतीने १२ श्रेयांक मिळतील. दोन्ही रीती तर्कसंगत आहेत. म्हणून कोणती रीत लागू होणार, याचा निर्णय विद्यार्थी परतल्यावर नव्हे, तर जाण्यापूर्वी लेखी स्वरूपात होणे अगत्याचे आहे.

या निर्णयाचे साधन म्हणजे अध्ययन करार होय. त्यावर विद्यार्थी, मातृसंस्था व यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या स्वाक्षऱ्या असतात. करार करताना पुढील बाबी पाहाव्यात :
(अ) यजमान विद्यापीठातील प्रत्येक अभ्यासघटकासमोर मातृसंस्थेतील कोणत्या विषयाऐवजी तो धरला जाईल, हे स्पष्ट लिहावे. केवळ शीर्षकांचे साम्य पुरेसे नसते. अभ्यासक्रमाचा तपशील जोडावा.
(आ) अनिवार्य विषयाऐवजी परदेशी अभ्यासघटक चालतो की केवळ ऐच्छिक विषयाऐवजी, हे विचारून घ्यावे.
(इ) दोन पर्यायी अभ्यासघटकही आधीच मंजूर करून ठेवावेत. तिकडे गेल्यावर एखाद्या वर्गातील जागा भरलेल्या असतात किंवा वेळा एकमेकांवर येतात.
(ई) तेथे गेल्यावर विषय बदलल्यास तो बदल त्याच आठवड्यात दोन्ही संस्थांकडून लेखी मंजूर करून घ्यावा. तोंडी होकारावर विसंबून राहू नये.

४. अध्यापन व मूल्यमापन
जर्मन विद्यापीठात व्याख्यान, सराववर्ग व चर्चासत्र असे अध्यापनाचे तीन प्रमुख प्रकार आहेत. व्याख्यानास मोठा समुदाय असतो आणि उपस्थितीची नोंद बहुधा घेतली जात नाही. सराववर्गात उदाहरणे सोडविली जातात. वित्त व लेखाशास्त्रासारख्या विषयांची परीक्षा याच उदाहरणांच्या वळणाने जाते. हजेरी लागत नाही म्हणून सराववर्ग टाळणारा विद्यार्थी परीक्षेत अडतो. चर्चासत्रात शोधनिबंध व सादरीकरण अपेक्षित असते आणि तेथे उपस्थिती सामान्यतः आवश्यक असते.

वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ ही अक्षरे असल्यास वर्ग पंधरा मिनिटांनी सुरू होतो; ‘एस. टी.’ असल्यास नेमक्या वेळी सुरू होतो. परीक्षेच्या बाबतीत या सवलतीवर कधीही विसंबू नये.

भारतीय विद्यार्थ्यांना अंतर्गत गुणांची सवय असते. जर्मनीत मात्र अनेक अभ्यासघटकांचे संपूर्ण मूल्यमापन सत्रान्तीच्या एकाच लेखी परीक्षेवर अवलंबून असते. त्यातही अभ्यासघटकास नाव नोंदविणे आणि त्याच्या परीक्षेस नाव नोंदविणे या दोन स्वतंत्र क्रिया असू शकतात. वर्षभर वर्गात बसलेला, परंतु मुदतीत परीक्षा-नोंदणी न केलेला विद्यार्थी परीक्षेस बसू शकत नाही. पुनर्परीक्षा बहुधा नंतर होते. तोवर विनिमय विद्यार्थी मायदेशी परतलेला असतो. म्हणून परीक्षा-नोंदणीची मुदत पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवावी.

गुणश्रेणीची रीत भारतीय पद्धतीच्या उलट आहे. १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. १.५ पर्यंत ‘अत्युत्तम’, २.५ पर्यंत ‘चांगले’, ३.५ पर्यंत ‘समाधानकारक’ व ४.० पर्यंत ‘पुरेसे’ असा अर्थ घेतला जातो. दहापैकी श्रेणी देणाऱ्या मातृसंस्थेच्या लिपिकाच्या हाती १.७ असे गुणपत्रक पडल्यास गैरसमज होणे अशक्य नाही. यास्तव श्रेणी-रूपांतराचा तक्ता अध्ययन करारासोबतच मंजूर करून घ्यावा आणि यजमान विद्यापीठाच्या श्रेणीपद्धतीचे स्पष्टीकरण गुणपत्रकासोबत जोडावे.

५. प्रवेशपूर्व व आगमनोत्तर औपचारिकता
(अ) व्हिसा : ९० दिवसांपेक्षा अधिक वास्तव्यासाठी राष्ट्रीय व्हिसा लागतो. महाराष्ट्र व गोव्यातील रहिवाशांचे अर्ज मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. स्वीकृतीपत्र हाती येताच अर्जाची तयारी सुरू करावी.
(आ) निर्वाहाची तरतूद : १ सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षास ११,९०४ युरो, हे प्रमाण धरले जाते. ही रक्कम बहुधा अवरुद्ध खात्यात ठेवली जाते व दरमहा ठरावीक हप्त्यानेच काढता येते. खोलीची अनामत व पहिले भाडे यांसाठी वेगळी रक्कम सोबत असावी.
(इ) शिक्षणशुल्क : बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क आहे. करारान्वये येणारे विनिमय विद्यार्थी त्यातून मुक्त असतात. मात्र सत्रवर्गणी त्यांनाही भरावी लागते.
(ई) आरोग्यविमा : विमा असल्याखेरीज विद्यापीठात नोंदणी होत नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमासंस्थांचा सवलतीचा दर मिळतो. खासगी विमा स्वीकारून सार्वजनिक विम्यातून सूट घेतल्यास ती त्या शिक्षणकाळापुरती फिरविता येत नाही. आगमन व विद्यापीठीय नोंदणी यांमधील दिवसांसाठी प्रवासविमा असावा.
(उ) निवासनोंदणी : खोलीत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेल्या कायद्यान्वये घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र त्यासाठी लागते. नोंदणीची वेळ आधी घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवावे. व्हिसाची मुदत वास्तव्यापेक्षा कमी असल्यास ती संपण्यापूर्वी परकीय नागरिक कार्यालयात निवासपरवान्यासाठी अर्ज करावा.
(ऊ) प्रसारण वर्गणी : निवासनोंदणीनंतर काही दिवसांनी सार्वजनिक प्रसारण वर्गणीचे पत्र येते. ही फसवणूक किंवा जाहिरात आहे असे समजून अनेक नवागत ते फेकून देतात. ही वर्गणी दर निवासामागे महिना १८.३६ युरो असून सामायिक घरात एकानेच भरावयाची असते. पत्रास उत्तर देणे टाळू नये.
(ए) अर्धवेळ काम : १ मार्च २०२४ पासून भारतीय विद्यार्थ्यांस वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. तथापि एका सत्राच्या वास्तव्यात कामावर खर्चाची भिस्त ठेवणे व्यवहार्य नाही.

६. दैनंदिन जीवन
मानहाइमच्या मध्यभागी रस्त्यांऐवजी चौकटींना नावे आहेत. ‘एल ९, १’ हा पत्ता अपुरा नसून पूर्ण आहे : पहिले अक्षर व अंक चौकट दर्शवितात आणि शेवटचा अंक घरक्रमांक होय. राजवाड्याकडे पाठ करून उभे राहिल्यास डावीकडे ‘ए’ ते ‘के’ व उजवीकडे ‘एल’ ते ‘यू’ या चौकटींच्या ओळी लागतात. ही रचना एकदा समजली की वर्ग शोधण्यात वेळ जात नाही.

विद्यार्थी-वसतिगृहांतील खोल्या मर्यादित असतात. स्वीकृतीनंतर विलंब न लावता अर्ज करावा. प्रत्यक्ष करारापूर्वी अनोळखी व्यक्तीस अनामत पाठवू नये. स्वयंपाकघर बहुधा सामायिक असते व छतावर धूरसूचक यंत्र असते. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी. भारतीय तीन पिनांची उपकरणे तेथील खोबणीत बसत नाहीत. शाकाहारी विद्यार्थ्यांनी भोजनगृहातील घटकांच्या खुणा वाचाव्यात, कारण भाज्यांच्या पदार्थांतही मांसाचा अर्क असू शकतो.

रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारीच बाजार करून ठेवावा. रात्री दहानंतर शांतता पाळावी. कचरा वर्गवारीने टाकावा. प्लास्टिकच्या बाटलीवर साधारणतः २५ सेंट अनामत असते, ती बाटली परत केल्यावर मिळते. पोलिसांसाठी ११० व रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२ हे क्रमांक आहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात. त्यानंतर भारताशी वेळेचा फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो.

व्यवसाय प्रशासनाचे अनेक अभ्यासघटक इंग्रजीतून असले, तरी कार्यालय, घरमालक व दुकान यांची भाषा जर्मनच राहते. पुणे व मुंबई येथील मॅक्सम्युलर भवनात प्राथमिक अभ्यासक्रम करून जाणाऱ्या विद्यार्थ्यास पहिले दोन आठवडे निश्चितच सुकर जातात.

७. परतीची तयारी
परतताना वास्तव्य-समाप्तीची नोंद नगर कार्यालयात करावी. विमा व प्रसारण वर्गणी बंद करण्यासाठी हीच नोंद उपयोगी पडते. बँक खाते अनामत परत आल्यावरच बंद करावे. अंतिम गुणपत्रक परीक्षेनंतर काही आठवड्यांनी तयार होते. ते कोणत्या पत्त्यावर व कोणाकडे पाठवावयाचे, हे निघण्यापूर्वी ठरवावे. अभ्यासघटकांचे तपशील व मंजुरीची सर्व पत्रे जपून ठेवावीत.

८. समारोप
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, विनिमय विद्यार्थ्याच्या अडचणींचे मूळ बहुधा बुद्धिमत्तेच्या वा भाषेच्या अभावात नसून दोन व्यवस्थांमधील न विचारलेल्या प्रश्नांत असते. श्रेयांक कसे धरणार, श्रेणी कशी बदलणार, परीक्षेस नाव कधी नोंदवायचे, हे प्रश्न वेळेवर विचारले गेले तर उरलेल्या अडचणी सोसण्याजोग्या असतात. ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. विनिमय करार करणाऱ्या महाविद्यालयांनी श्रेयांक व श्रेणी-रूपांतराचे नियम आधीच ठरवून जाहीर केले, तर कर्ज काढून मुलास परदेशी पाठविणाऱ्या पालकाचा विश्वास सार्थ ठरेल. परदेशातील एक सत्र विद्यार्थ्याचे वर्ष वाढवणारे नव्हे, तर त्याचे शिक्षण वाढवणारे ठरावे, हीच अशा विनिमयाची खरी कसोटी होय.