ताटाची गणितं आणि वरच्या मर्यादा

सरकारी आहार-मार्गदर्शिका हाती आली की मी आधी मागची परिशिष्टं उघडतो. रोज इतकी डाळ, इतकं दूध, हे आकडे ठरतात कसे, याचं मला फार जुनं कुतूहल आहे. त्याचा माग काढताना जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा १९४५चा निबंध भेटतो. ७७ पदार्थ, नऊ पोषणनिकष आणि प्रश्न एकच: माणसाचं वर्षभराचं पोषण कमीत कमी किती पैशांत भागेल? १९३९च्या भावांनी उत्तर आलं ३९ डॉलर ९३ सेंट. यादीत उरलं गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. असं खाण्याची शिफारस आपण कुणालाही करत नाही, हेही स्टिगलरनं बजावलं होतं.

त्याला पुढं नोबेल मिळालं. मला मात्र ओढ जॅक लॅडरमनची. १९४७मध्ये ‘मॅथेमॅटिकल टेबल्स प्रोजेक्ट’ या अमेरिकी गणन-प्रकल्पात त्यानं हेच कोडं नव्याकोऱ्या सिम्प्लेक्स पद्धतीनं, म्हणजे घातलेल्या मर्यादांत सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या गणिती रीतीनं, सोडवायला घेतलं. संगणक नव्हताच. नऊ कारकून हातानं चालवायची गणनयंत्रं घेऊन बसले, एकूण १२० मनुष्यदिवस खपले. उत्तर ३९ डॉलर ६९ सेंट. म्हणजे स्टिगलरचा अंदाज अवघ्या २४ सेंटांनी चुकला होता!

सिम्प्लेक्सचा जनक जॉर्ज डान्झिग. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यावर त्यानं आपलाच आहार संगणकावर घातला. पाण्याचं वजन वगळून पोटात जास्तीत जास्त ऐवज पडावा, ही अट. उत्तरात निघालं ५०० गॅलन व्हिनेगर! तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलं गेलं होतं. व्हिनेगर काढून टाकलं, तर रोज सूपच्या २०० खारट वड्या. काही वड्या गरम पाण्यात विरघळवून त्यानं घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला. मिठाला वरची मर्यादा घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मग वड्यांवर मर्यादा आली, तर कोंड्याचा ढीग पुढं आला.

माझ्या मते आहाराच्या प्रतिमानांचं सगळं मर्म या वड्यांत आहे. यंत्र सांगितलं तेवढंच जाणतं. माणूस काय खाईल, हे त्याला मर्यादा घालूनच सांगावं लागतं. म्हणून आजचे अमेरिकी तज्ज्ञ सुटे पदार्थ न घेता गट घेतात. हिरव्या पालेभाज्यांचा गट म्हणजे लोक प्रत्यक्षात जी भाजी ज्या प्रमाणात खातात, तिची सरासरी. मग प्रमाणं बदलून कोणतं पोषण कमी पडतं ते पाहतात. कडधान्यांना भाजीत बसवायचं की प्रथिनांत, यावरही तिथं खल चालतो. तिथल्या आहार-मार्गदर्शिकेच्या सल्लागार समितीनं २०२४मध्ये ती प्रथिनांत न्यावीत असं सुचवलं. आपल्याकडं वरण-भात जेवणाऱ्याला हा वाद नवलाचा वाटेल.

पण सगळ्यांत निर्णायक मर्यादा पैशांची. अमेरिकेत गरिबांच्या अन्नमदतीची रक्कम ‘थ्रिफ्टी फूड प्लॅन’ या प्रतिमानावरून ठरते. १९७५पासून प्रत्येक फेरआखणीत महागाई वगळता खर्च जुनाच ठेवायची अट होती. पोषणाच्या शिफारशी बदलत गेल्या, ताटाचा खर्च मात्र गोठलेलाच राहिला. ती मर्यादा विज्ञानानं नव्हे, राज्यकर्त्यांनी घातली होती, आणि तिचा भार गरिबांनी सोसला. २०२१मध्ये अट काढून पुन्हा गणित मांडलं, तेव्हा मदतीची रक्कम २१ टक्क्यांनी वाढली.