सर सालारजंग: तीन निजामांचे दिवाण

नाव मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग. जन्म 1829, विजापूर. घराण्यात दिवाणगिरी आधीपासून. काका सिराज-उल-मुल्क यांच्या मृत्यूनंतर 1853 मध्ये, चोविसाव्या वर्षी, दिवाणपद.

वारसा रिकामा खजिना. त्याच वर्षी कंटिन्जंट फौजेच्या (निजामाच्या खर्चाने चालणारी, इंग्रज अधिकाऱ्यांची फौज) खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. ते परत मिळवण्याचा प्रयत्न त्यांनी अखेरपर्यंत केला, मिळाले नाही.

1857 च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने. हैदराबादच्या रेसिडेन्सीवर जुलैत हल्ला झाला, तो परतवला गेला. त्याआधी जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीत घोडदळाने बंड केले होते. या मदतीच्या मोबदल्यात 1860 च्या तहात नळदुर्ग (धाराशिव) व रायचूर दुआब निजामाला परत, 50 लाखांचे कर्ज माफ.

जिल्हाबंदी (राज्याची जिल्ह्यांत विभागणी), 1865 आपल्या औरंगाबाद भागासाठी सर्वांत महत्त्वाची सुधारणा. महसुलाची मक्तेदारी बंद, पगारी अधिकारी सुरू. जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’, म्हणजे आजचा जिल्हाधिकारी. आजचे बजाजनगर ज्या गंगापूर तालुक्यात आहे, तोही निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यातलाच. अजिंठा गाव मात्र सालारजंग घराण्याच्या जहागिरीत.

1869 नंतर निजाम महबूब अली खान अल्पवयीन. शम्स-उल-उमरा यांच्यासह राज्यकारभार. 1876 मध्ये इंग्लंडचा दौरा, ऑक्सफर्डची मानद पदवी.

मृत्यू 8 फेब्रुवारी 1883, हैदराबाद, पटकीने.

गल्लत नको पुत्र दुसरे सालारजंग (मीर लायक अली खान) हेही दिवाण होते. हैदराबादच्या प्रसिद्ध सालारजंग संग्रहालयातला बहुतेक संग्रह नातू तिसरे सालारजंग (मीर युसुफ अली खान) यांचा.