सायकलीच्या सांखळीचें तेल

सांखळीवरून तेल ओघळूं लागलें म्हणजे सायकलीची निगा राखली, असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. वस्तुतः झीज होते ती सांध्यांतील खिळ्यांची. बाहेर राहिलेलें तेल धूळ मात्र धरतें, व तें मिश्रण कानशीप्रमाणें लोखंड घांसतें. अशी झिजलेली सांखळी चक्राचे दातेहि खाते, आणि खर्च पालकांच्या माथीं येतो.

घरांतील तेलें येथें कामाचीं नाहींत. जवसाचें हवेनें सुकून चिकटतें. खोबरेल सुमारें २४ अंश सेल्सिअसखालीं थिजतें. रॉकेल मळ काढण्यास उत्तम, परंतु वंगण नव्हे. शिवणयंत्राचें पातळ खनिज तेल कोरड्या दिवसांत पुरतें. पावसाळ्यांत तें लवकर धुऊन जातें, म्हणून किंचित् दाट घ्यावें. प्रत्येक सांध्यावर एकच थेंब सोडून पॅडल उलट फिरवावें व वरचें तेल कोरड्या फडक्यानें पुसून काढावें. आमचे विद्यार्थी नेमकें हें पुसणेंच विसरतात. गणवेषावरील काळे डाग साक्षीस आहेत!