खोट्या माहितीपटाचं खरं

कथा रचलेली, पण मांडणी माहितीपटाची: हलता कॅमेरा, मुलाखती, कॅमेऱ्याकडे चोरून टाकलेली नजर. याला मॉक्युमेंटरी म्हणतात. पीटर वॉटकिन्सचा ‘द वॉर गेम’ (1965) अणुहल्ल्याची काल्पनिक कथा सांगतो. बीबीसीने तो वीस वर्षं दाखवला नाही, ऑस्कर मात्र माहितीपटाचं मिळालं! विनोदी प्रकारात ‘धिस इज स्पायनल टॅप’ (1984) आणि ‘द ऑफिस’ (2001) गाजले.

मराठीत जवळचं उदाहरण उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ (2008). तो पूर्ण मॉक्युमेंटरी नाही. डुरक्या नावाच्या वळूला पकडायला आलेल्या वन अधिकाऱ्याचा (अतुल कुलकर्णी) धाकटा भाऊ मोहिमेवर माहितीपट करतो. कॅमेरा समोर येताच गावकरी वळूबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलू लागतात. लेखक गिरीश आणि दिग्दर्शक उमेश कुलकर्णींनी विनोद नेमका इथे पकडलाय. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-कड्याकडे हे वेगळं सांगायला नको. दुष्काळात चॅनेलवाल्यांचा माईक पुढे आला की टँकरची तक्रार बाजूला राहते आणि पुढारी आधी टोपी नीट करतो.