धरून राहणारा ब्रेक

जळगावहून अजिंठ्याकडे निघाले की जामनेर तालुक्यातले पहूर हे गाव लागते. आसपासच्या खेड्यांतून रोजची ये-जा बहुतांशी मोटारसायकलवर चालते. मग तो शेतकरी असो, दूधवाला असो की शाळेत जाणारा शिक्षक. अशा गाडीची एक तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडला आणि मागच्या चाकाच्या हबाला हात लावला तर चटका बसतो. मेकॅनिक चाक फिरवून पाहतो आणि म्हणतो, "मागचा ब्रेक धरतोय." या तीन शब्दांत घर्षण, उष्णता आणि प्रसरण हे पाठ्यपुस्तकातले तीन पाठ एकत्र आलेले आहेत. ते नीट वाचता आले तर पेट्रोल वाचतेच, पण कधीकधी जीवही वाचतो.

ब्रेक नेमके काय करतो?

मागच्या चाकाच्या हबात लोखंडी कडे बसवलेला एक ड्रम असतो. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेकशू असतात व त्यांच्यावर लायनिंग चिकटवलेले असते. पेडल दाबले की रॉड ओढला जातो, रॉडमुळे कॅम वळतो आणि शू फाकून ड्रमला घासतात. पाय काढला की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात. या प्रकारच्या ब्रेकचे पेटंट फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी १९०२ साली घेतले आणि साध्या मोटारसायकलींच्या मागच्या चाकात तो आजही दिसतो.

गाडी थांबते तेव्हा तिची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. गाडी आणि चालक मिळून १८० किलोग्रॅम वस्तुमान व वेग ताशी ५४ कि.मी., म्हणजे सेकंदाला १५ मीटर धरू. गतिज ऊर्जा सुमारे २० हजार ज्यूल येते. ही सगळी मागच्या ड्रमच्या २ किलोग्रॅम लोखंडात गेली असे मानले, तरी त्याचे तापमान जेमतेम २२ अंशांनी वाढेल. थोड्या वेळात वारा ते खाली आणतो. म्हणजे एकेका थांबण्याने ब्रेकला काही होत नाही.

३ किलोचे ओझे

आता ब्रेक किंचित धरून राहिला आहे असे समजू. चाकाच्या कडेशी त्याचा विरोध फक्त ३० न्यूटन, म्हणजे ३ किलोग्रॅम वजन उचलायला लागते तेवढ्याच बळाचा आहे. चालवणाऱ्याला तो चटकन जाणवतही नाही. पण पहूर ते जळगाव हे सुमारे ४० कि.मी. अंतर या विरोधासह कापले तर झालेले कार्य ३० गुणिले ४०,०००, म्हणजे १२ लाख ज्यूल होते. ताशी ५४ कि.मी. वेगावरून ६० वेळा गाडी थांबवण्याइतकी ही उष्णता आहे. तिच्यातली थोडीही बाहेर गेली नाही तर ते २ किलोग्रॅम लोखंड १,३०० अंशांहून अधिक तापेल. ओतीव लोखंड तर त्याआधीच वितळते!

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण हब जितका तापतो तितक्या जोराने उष्णता हवेत सोडतो. आपल्या उदाहरणात उष्णता दर सेकंदाला ४५० ज्यूल या दराने तयार होते. हब भोवतालापेक्षा १ अंशाने गरम असताना सेकंदाला ४ ज्यूल बाहेर जातात असे धरले, तर ११२ अंशांच्या फरकाला येणारी आणि जाणारी उष्णता सारखी होते व तापमान स्थिरावते. खानदेशात मे महिन्यात हवाच ४४ अंशांवर असते. म्हणजे हब १५६ अंशांवर जाईल. हिवाळ्यातल्या १२ अंशांच्या सकाळीही तो १२४ अंशांवर असेल. आकडे ठोकळ आहेत, पण चटका का बसतो ते यावरून कळते.

काउंट रम्फर्ड यांनी १७९८ साली नेमकी हीच गोष्ट मांडली होती. घोड्यांच्या बळावर बोथट पात्याने तोफेची नळी कोरताना त्यांनी भोवतीचे पाणी अडीच तासांत उकळून दाखवले. घासणे चालू आहे तोवर उष्णता संपत नाही, हे त्यांचे निरीक्षण धरून राहणाऱ्या ब्रेकलाही तंतोतंत लागू पडते.

पेट्रोलचा हिशेबही सोपा आहे. १ लिटर पेट्रोलमधून सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. इंजिन त्यातली २० टक्के चाकापर्यंत पोचवते असे धरू. मग वरच्या १२ लाख ज्यूलसाठी जवळजवळ १९० मिलिलिटर पेट्रोल जास्त जळेल. लिटरला ६० कि.मी. जाणारी गाडी ४७ वर येईल.

ब्रेक का धरतो?

सर्वांत साधे कारण म्हणजे पेडलवर ठेवलेला पाय. दुसरे, ॲडजस्टिंग नट जास्त आवळलेला असणे. तिसरे कारण मजेदार आहे. चेन ढिली झाली की चाक मागे सरकवून ती ताणतात. चाकाबरोबर ब्रेकची प्लेटही मागे जाते, पण पेडल जागीच राहते. रॉड तेवढाच असल्याने तो आपोआप ताणला जातो आणि शू ड्रमला टेकतात. म्हणून चेन ताणल्यावर ब्रेक पुन्हा जुळवायलाच हवा. चौथे कारण आपल्या काळ्या मातीतले आहे. चिखल आणि धुण्याच्या फवाऱ्याचे पाणी कॅमच्या दांड्यात शिरते, ग्रीस जाते, गंज चढतो आणि वळलेला कॅम परत येत नाही. स्प्रिंगा सैल झाल्या किंवा लायनिंग फार झिजून कॅम प्रमाणाबाहेर वळू लागला, तरी तेच होते.

'ड्रम तापून फुगला की शू सुटतील ना?' असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. ड्रम फुगतो हे खरे; पण शूही तापतात, आणि ते ॲल्युमिनियमचे असले तर तेवढ्याच तापमानवाढीला लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतात. त्यामुळे सुटका होईलच असे नाही.

मागे डिस्क ब्रेक असेल तर प्रसरणाचा परिणाम आणखी स्पष्ट दिसतो. पेडल मोकळे असताना मास्टर सिलिंडरमधले एक बारीक छिद्र उघडे राहते आणि तापून फुगलेले तेल त्यातून टाकीत परत जाते. पेडलला मोकळी चाल नसेल तर दट्ट्या ते छिद्र झाकून ठेवतो. तेल कोंडते, दाब वाढतो, पॅड अधिक घासतात, तेल अधिक तापते. हे चक्र चाक जाम होईपर्यंत जाऊ शकते. गाडी थंड झाली की ब्रेक आपोआप सुटतो, ही या दोषाची खूण. शिवाय हे तेल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रकारचे कोरडे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात. ते दाबले जातात आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही.

रस्त्यात काय करावे?

गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये; एकदम आकसल्याने लोखंडाला तडा जाऊ शकतो. मग इंजिन बंद ठेवून, गाडी मेन स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवावे. ते अडत असेल तर रॉडच्या टोकाचा नट अर्धा-अर्धा फेरा सैल करत जावे. बहुतेक ड्रम ब्रेकच्या गाड्यांत पेडलची मोकळी चाल २० ते ३० मि.मी. असावी लागते. त्याहून सैल ठेवणेही धोक्याचेच, म्हणून सावकाश चालवून ब्रेक लागतो की नाही ते आधी पाहावे. नट सैल करूनही चाक सुटले नाही तर कॅम अडकला आहे. ड्रम उघडणे मेकॅनिकवर सोपवावे. आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक किंवा ए.बी.एस. बंधनकारक झाले. संयुक्त ब्रेकमध्ये पेडल पुढचा ब्रेकही लावते, म्हणून तेथे दोन्ही चाके तपासावीत.

हे सगळे अजिंठ्याच्या घाटात फार महत्त्वाचे ठरते. १५० मीटरचा उतार उतरताना आपल्या गाडीची अडीच लाखांहून अधिक ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते, म्हणजे १३ वेळा थांबण्याइतकी. ब्रेक आधीच तापलेला असेल तर लायनिंगची पकड कमी होते, आणि मागे मूल बसलेले असताना ऐन वळणावर ब्रेक अपुरा पडतो. म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरावे. काही ऊर्जा इंजिन घेते व ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळते.

वर्गासाठी

सायकल उलटी ठेवून मागच्या चाकाला दर वेळी सारखाच धक्का द्यावा आणि ते किती फेरे घेऊन थांबते ते मोजावे. मग ब्रेकचे रबर रिमला जरासे टेकवून पुन्हा मोजावे, आणि पाव-पाव फेरा आवळत तक्ता व आलेख करावा. रबर डोळ्यांना केवळ टेकलेले दिसते, तेव्हाच फेरे किती झपाट्याने उतरतात ते विद्यार्थ्यांना स्वतः मोजून कळेल. त्यानंतर घरच्या मोटारसायकलचे चाक फिरवून पाहण्याचा गृहपाठ द्यावा.