कर्करोग आणि औषधी वनस्पती : शेतकऱ्यांनी काय जाणावे?



फुलसावंगी, महागाव, उमरखेड या पट्ट्यात हळदीचे पीक घेतले जाते आणि अंगणात सदाफुली फुलते. घरात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की, "रोज सदाफुलीची पाने चावून खा", "हळदीने गाठ विरते" असे सल्ले मिळू लागतात. या सल्ल्यांत थोडे तथ्य आहे. म्हणूनच त्यावर चटकन विश्वास बसतो आणि इलाजाचे मोलाचे महिने वाया जातात. यातील तथ्य किती, हे समजून घ्यावे.

सदाफुलीपासून मिळालेली औषधे

कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर हे शास्त्रज्ञ सदाफुलीत मधुमेहावर गुण आहे काय, हे तपासत होते. अर्क दिलेल्या उंदरांची साखर उतरली नाही. मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्यावरून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे द्रव्य उजेडात आले. पुढे मिळालेल्या व्हिन्क्रिस्टिनला १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही दिले जाते.

परंतु अशा एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. ते मिलिग्रॅममध्ये मोजून फक्त शिरेतून देतात. मात्रा चुकल्यास नसांना इजा होते. घरी चावलेल्या पानांत औषध किती आणि विष किती, हे कोणीही सांगू शकत नाही.

नंदुरबारचे डॉ. वाणी

नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत डॉ. मनरो वॉल यांच्यासमवेत दोन मोठे शोध लावले. १९६६ साली एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली यू झाडाच्या सालीपासून टॅक्सॉल. आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन असल्याचे १९७२ साली आढळले. टॅक्सॉल रुग्णापर्यंत पोहोचण्यास १९९२ साल उजाडले. कॅम्प्टोथेसिन मूळ रूपात फार विषारी ठरले. त्यात बदल करून तयार केलेल्या औषधांना १९९६ साली मान्यता मिळाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८१ या काळात वनस्पतींचे सुमारे ३५ हजार नमुने तपासले, तेव्हा कुठे अशी मोजकी औषधे हाती आली.

हळदीचे काय?

हळदीतील कुरकुमिनमुळे प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली जाते. पण पोटात घेतलेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते. हळदीने माणसाचा कर्करोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. जेवणातली हळद खुशाल खावी. गोळ्या किंवा अर्क मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत; काहींच्या यकृताला त्यामुळे इजा झाली आहे.

पूरक म्हणजे जोडीला

पिकाला शेणखत दिले म्हणून पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, तसेच हे आहे. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूरक उपचार घेणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांनी शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोथेरपी नाकारल्याचे दिसले. पूरक उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला, आणि त्याचे कारण हा नकारच होता.

हे लक्षात ठेवावे

१) खर्रा, तंबाखू सोडावी. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले, तर लगेच तपासून घ्यावे.

२) स्तनातील गाठ दुखत नसली तरी दाखवावी. बायाबापड्यांनी संकोच करू नये.

३) चालू असलेला काढा, चूर्ण, भस्म डॉक्टरांपासून लपवू नये. ते रागावतील ही भीती नको. औषधांचा आपसात विरोध होऊ शकतो.

४) खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय येथे विचारणा करावी.

५) "कर्करोगाच्या औषधाला लागते" एवढ्या ऐकीव माहितीवर सदाफुलीची लागवड करू नये. खरेदीदार, दर आणि माल उचलण्याची हमी लेखी मिळाल्यावरच एकर-गुंठ्यांचा हिशेब करावा.

झाडात औषध असते, हे खरे. पण शेतातला कापूस म्हणजे अंगातला सदरा नव्हे. मधले काम जाणकारांचे आहे. वेळेवर त्यांच्याकडे जाणे, हे आपले काम.